न्हाणीचा ढाळ

बादली उपडी केली तेव्हा पाणी आधी शहाण्यासारखं कोपऱ्यातल्या जाळीकडे निघालं. अर्ध्या वाटेवर ते जरा रेंगाळलं आणि मग घरी काही विसरल्यासारखं सगळंच्या सगळं मागे वळून चेतनाच्या पायांशी आलं. बोटांमधून वाट काढत ते उंबऱ्यावर चढलं, झोपायच्या खोलीत शिरलं आणि हेमेंद्रच्या चपलेपाशी जाऊन थांबलं. चेतना हातातली रिकामी बादली तशीच धरून उभी राहिली. नव्या फरशीला अजून सिमेंटचा वास होता. रविवारची सकाळ होती, जूनचा पहिला आठवडा, खिडकीतून आतापासूनच गरम झळ येत होती, आणि गोंदियाच्या एका नावाजलेल्या क्लासमध्ये बावीस वर्षं फिजिक्स शिकवणाऱ्या बाईच्या न्हाणीतलं पाणी तिला न विचारता बेडरूममध्ये गेलं होतं. ढाळ तिनेच काढून दिला होता. कागदावर, आकृतीसह, शंभराला दोन. ओमेश मिस्त्री बिचारा दोनदा म्हणाला होता, "मॅडम, एक बार पाइप लावून लेव्हल पाहून घेऊ का?" आणि ती म्हणाली होती, "गरज नाही ओमेशभाऊ, मी गणित केलंय." ओमेशने मान डोलावली होती. फिजिक्सच्या मॅडमशी पाण्यावरून कोण वाद घालणार!

हेमेंद्र खोलीतून ओरडला नाही, त्याचा स्वभावच तसा नाही. बियाण्याच्या दुकानात दिवसभर शेतकऱ्यांशी हसतखेळत बोलणारा माणूस. त्याने चप्पल उचलली, झटकली, दारात येऊन फरशीकडे, मग बायकोकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "कोहळ्याच्या घरची न्हाणी!" तो म्हणाला. "आपल्या कोहळी जातीच्या आज्या-पणज्यांनी गावोगाव तलाव बांधले म्हणतात, आणि इथं पाच बाय सातात पाणी ऐकून नाही राहिलं. चेतना, हे तुझ्या काकाजीच्या कानावर गेलं तर तो तुला माहेरी घेणार नाही." "तुम्ही पोछा आणा आधी," ती म्हणाली. पण तिच्याही ओठांचे कोपरे हलले होते. राग यायला हवा होता, तो येत नव्हता. त्याच्या जागी जिन्याची शेवटची पायरी नसताना पाय टाकल्यावर वाटतं तसं वाटत होतं. गणित बरोबर होतं. तिने मनातल्या मनात पुन्हा केलं, तरी बरोबरच आलं. मग चुकलं कुठे? आणि पुसत असताना, गुडघ्यांवर बसून ओला कपडा पिळत असताना, तिच्या लक्षात आलं. जुनी जमीन सपाट आहे असं तिने गृहीत धरलं होतं. कुणी सांगितलं होतं सपाट आहे म्हणून? कुणीच नाही. रोज फळ्यावर लिहायची सवय. घर्षण शून्य गृहीत धरू, हवेचा विरोध नाही असं गृहीत धरू, पृष्ठभाग समपातळीत आहे असं गृहीत धरू. बावीस वर्षं सगळे पृष्ठभाग तिच्या शब्दाखातर सपाट झाले होते.

फ्रिजवर चुंबकाखाली तो कागद आठ दिवसांपासून लटकत होता. पोछा वाळत घालून ती स्वयंपाकघरात आली आणि नको नको म्हणताना तिची नजर तिकडे गेलीच. लेकीचा, दामिनीचा फॉर्म. फॉर्म कसला, ईश्वरदास काकाजींनी स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहून झेरॉक्स काढलेला अर्धा कागद. काकाजी म्हणजे चेतनाच्या वडिलांचे धाकटे भाऊ, वय बहात्तर, सौंदडपासून चार किलोमीटर आत असलेल्या गावाचे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गावच्या जुन्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, एक उद्योग सुरू केला होता. त्याला ते काम म्हणत आणि लोक ईश्वरदासची शाळा म्हणत. दहावी झालेली सात-आठ पोरंपोरी तिथे राहायची. दिवसा तलावाची डागडुजी, पाट, बांध्या म्हणजे भाताची खाचरं, रोपवाटिका, सुतारकाम, आणि संध्याकाळी निवृत्त शिक्षिका शामकलाबाईंकडे वह्या-पुस्तकं. बारावीची परीक्षा बाहेरून द्यायची. दामिनी दर उन्हाळ्यासारखी आठ दिवसांसाठी म्हणून तिकडे गेली होती, ती सहा आठवडे राहिली. परत आली तेव्हा काळवंडलेली, नखांत माती, पिशवीत पातळी पाहायचा दहा मीटरचा पारदर्शक पाइप, आणि तोंडात एकच वाक्य. मम्मी, मला तिथेच शिकायचं आहे. दहावीला चौऱ्याण्णव टक्के पडलेली मुलगी! क्लासचे मालक इंद्रकुमार सर यांनी तर निकालाच्या दिवशीच चौकात फ्लेक्स लावला होता. त्यावर दामिनीचा फोटो, शेजारी मोठ्या अक्षरात टक्के, आणि खाली 'आमच्या मॅडमची कन्या, आमच्याच बॅचमध्ये!' त्या फ्लेक्सखालून जाताना दामिनी ओढणी तोंडावर घ्यायची. शनिवारपर्यंत फॉर्म पोचायला हवा, नाहीतर सोमवारपासून नवी बॅच सुरू, पहिल्या बाकावर मॅडमची मुलगी. चेतनाने सही केली नव्हती आणि नाहीही म्हटलं नव्हतं.

सही तर शेवटची गोष्ट. त्याआधी दोन रकाने होते, आणि तिचं पेन तिथेच अडत होतं. पहिला रकाना, 'पोराले का येते? (मार्क लिहू नये.)' दुसरा, 'माय-बापाले का येते? (नोकरी लिहू नये.)' काकाजींचा खवचटपणा, दुसरं काय. पण आठ दिवसांत तिला पहिल्या रकान्यात लिहायला काही सुचलं नव्हतं. मुलीला काय येतं? चौऱ्याण्णव टक्के येतात. ते लिहायचं नाही म्हटल्यावर पुढे नुसता पांढरा कागद. दुसऱ्या रकान्याकडे तर ती बघतच नव्हती. आणि कागदाच्या तळाशी, चौकटीत, 'पालकाने पाळीवर अर्धा दिवस काम केल्याशिवाय सही चालणार नाही.' काकाजींचं म्हणणं असं की पोरं टिकतात, आईबापच टिकत नाहीत, महिन्याभरात येऊन ओढून नेतात. म्हणून प्रवेशपरीक्षा आईबापांची. "चल," चेतना दारात उभ्या असलेल्या दामिनीला म्हणाली. दामिनीने मघाचं पाणी पाहिलं होतं. "बल्लारशा गाडी मिळते का बघू. अर्धा दिवस तर अर्धा दिवस. सही करेन असं मात्र म्हणत नाही मी." दामिनीने चपला घातल्यासुद्धा.

गाडीत दोघी समोरासमोर बसल्या. खिडकीबाहेर नांगरलेल्या कोरड्या बांध्या मागे पळत होत्या. दामिनी बाहेर बघत होती आणि चेतना दामिनीच्या हातांकडे. तळव्याला घट्टे पडले होते. तिने स्वतःचे हात मांडीवर पालथे ठेवले. स्वच्छ हात, उजव्या तर्जनीवर खडूने कायमची कोरडी झालेली कातडी, बस्स. हे हात असे राहावेत म्हणून तिच्या आईने किती आटापिटा केला होता! सुमित्राबाई. चेतना नऊ वर्षांची असताना, आश्विनात, तलाव काठोकाठ भरला होता. वारा पडला की काकाजी गावातली सगळी पोरं गोळा करायचे आणि प्रत्येकाच्या हातात बांबूच्या खुंट्यांची मोळी द्यायचे. थिरावलेलं पाणी जिथे जमिनीला टेकतं तिथे, बरोबर त्याच रेषेत, पावलापावलावर खुंटी ठोकत जायचं. उन्हाळ्यात तलाव आटला की त्या खुंट्या वेड्यावाकड्या वळणाने उभ्या दिसायच्या, पण सगळ्या एकाच उंचीवर. मग त्या बघून कुठे पाट काढायचा, कुठे भर घालायची ते ठरायचं. पाणी स्वतःच सांगून गेलेलं असायचं. चेतना कोपरापर्यंत चिखलात माखून खुंट्या ठोकत होती, गारेगार चिखल, बोटांमधून वर येणारा, आणि एका बेडकाने तिच्या खुंटीवर उडी मारली म्हणून ती खिदळत होती. तेवढ्यात आई पाळीवरून धावत खाली आली आणि तिने दंडाला धरून तिला वर ओढलं. "हिच्या हाताले चिखलच लागू द्यायचा होता त मी इले शाळेत कायले धाडून रायली?" आईने तलावाच्याच पाण्याने तिचे हात खसाखसा धुतले, नख अन् नख, आणि तो दिवस शेवटचा. त्यानंतर चेतनाने चिखलाला हात लावला नाही. मग आज ती काय करायला निघाली होती? जे आईने इतक्या निकराने पुसलं, तेच नातीच्या हातावर परत लावायला? आई असती तर काय म्हणाली असती? गाडी जंगलातून जात होती आणि डब्यात पळसाच्या पानांचा हिरवा उजेड पडला होता. तिला आईचा चेहरा आठवत होता, पण आवाज नीट आठवत नव्हता.

पाळीवर पोचेपर्यंत साडेदहा वाजले. काकाजी मोहाच्या झाडाखाली बसून खुरप्याला दांडा बसवत होते. उन्हाने रापलेले, डोक्याला पांढरा दुपट्टा, समोरचे दोन दात नाहीत, त्यामुळे हसले की लहान पोरासारखे दिसतात. तलाव तळाला गेला होता, मध्यभागी थोडं पाणी आणि त्यात म्हशी. सहा-सात पोरंपोरी पाळीवर सारख्या उंचीवर खूण केलेल्या काठ्या रोवत होती. "आली का वो प्रोफेसरीनबाई!" काकाजी म्हणाले. "बस. पानी पी. जवाईबाप्पूचा फोन आलता. न्हानीचं समजलं." चेतनाने कपाळावर हात मारला. काकाजी इतके हसले की खुरपं बाजूला ठेवावं लागलं. "अवं, हासू नोको त का करू? तुह्या पनज्यानं हा तलाव बांधला तवा त्याले सही करता येत नव्हती. अना तू कागदावर पानी फिरवून रायली!" "काकाजी, गणित बरोबर होतं," ती म्हणाली, आणि स्वतःलाच ते ऐकून कसंतरी झालं. "असन ना," काकाजी समजुतीने म्हणाले. "गनिताले मी कायले नाव ठेवू? पानी मात्र कागद वाचत नाही बाई. बरं, आता काम आयक. ही पाळ कुठंतरी बसली हाय. तलाव भरला का पानी तिथूनच वरून जाईन, अना वरून गेलं त पाळ फुटन. कुठं बसली ते पह्यले डोळ्यानं सांग, मंग पाइप लाव."

तीनशे पावलांची पाळ. चेतनाने डोळे बारीक करून पाहिलं. एकदा या टोकापासून, एकदा त्या टोकापासून. तुडुमाजवळ, म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायच्या त्या दगडी पायऱ्यांच्या मोरीजवळ, पाळ कशी नीटनेटकी, हिरवळ लावलेली, दृष्ट लागावी अशी. मोहाच्या झाडापुढे मात्र म्हशींच्या जाण्यायेण्याने ती खरवडून निघालेली, माती उघडी पडलेली. "इथे," ती मोहाकडे बोट दाखवून ठामपणे म्हणाली. वर्गात म्हणते त्याच आवाजात. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. काकाजी म्हणाले, "मले बी तसंच वाटते. तुडुमापाशी त मीच मागच्या साली भर घातली, तिथं काई पाहाची गरज नाही. लावा पाइप." दामिनीने पाण्याने भरलेल्या पाइपचं एक टोक आईच्या हातात दिलं, दुसरं घेऊन ती पुढच्या काठीकडे गेली. "मम्मी, अंगठा काढ," ती तिथून ओरडली. "तोंड दाबून धरलं तर पाणी हलणार कसं?" चेतनाने चटकन अंगठा काढला. पाइपात पाणी वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं, लहान लहान होत गेलं आणि थांबलं. ती त्याच्याकडे बघतच राहिली. दाब, उंची, घनता, गुरुत्व. ही ओळ तिने किती हजार वेळा लिहिली असेल, खडू मोडेपर्यंत, आणि आज ती पहिल्यांदा तिच्या मुठीत येऊन धडधडत होती. तिला उगीचच आनंद झाला. तिकडे तिच्या मुलीच्या डोळ्यांसमोर जेवढं पाणी, तेवढंच इकडे तिच्या डोळ्यांसमोर.

काठीमागून काठी पुढे सरकत त्या मोहापाशी आल्या. देवरीची एक ठेंगणी मुलगी, डिंपल, वहीत आकडे लिहीत होती. मोहाच्या काठीला पाइप लावला आणि चेतनाच्या बाजूचं पाणी खुणेपासून चांगलं तीन बोटं फरकाने थांबलं. "बघ!" ती जवळजवळ उडीच मारून म्हणाली. "तीन बोटं! मी म्हटलं नव्हतं? लिही गं डिंपल, तीन बोटं बसली." डिंपलचं पेन वहीवर टेकलं नाही. ती दामिनीकडे बघत होती. दामिनी पाइपच्या बाजूने, वाकून, बोट फिरवत सावकाश येत होती. मधोमध ती थांबली. "मम्मी, हे बघ." पाइपात, गवताखाली लपलेला, अंगठ्याएवढा हवेचा बुडबुडा होता. चेतनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हा तिचा प्रश्न होता. तिचा लाडका, एका मार्काचा. नळीत हवेचा बुडबुडा राहिल्यास पातळीच्या मापनावर काय परिणाम होईल? दरवर्षी ती तो काढायची आणि दरवर्षी सांगायची, हा सोडणारा माझा विद्यार्थी नव्हे. आणि आज हवं होतं तेच उत्तर आलं म्हणून तिने पाइपकडे बघितलंसुद्धा नाही. न्हाणीतही हेच झालं होतं. "पहिल्या दिवशी माझंही असंच झालं होतं," दामिनी सहज म्हणाली. "टोक वर धर आणि टिचक्या मार, असं, असं. निघतो तो." चेतना पाळीवर फतकल मारून बसली, पाइप मांडीवर घेतला आणि टिचक्या मारू लागली. बुडबुडा अडखळत, फुटत, पुन्हा जुळत वर सरकला आणि टोकाशी येऊन एकदम नाहीसा झाला. तिला हसू फुटलं. मग डिंपल हसली, मग सगळेच. पुन्हा पाइप लावला तेव्हा मोहाजवळची पाळ दोन्ही बाजूंच्या पाळीला बरोबर होती. खरवडलेली, कुरूप आणि चोख.

आणि मग तुडुम. काकाजींनी नको म्हटलेलं असताना डिंपल म्हणाली, "आजाजी, राह्यलंच हाय त पाहून टाकू." तिथे पाणी सहा बोटं फरकाने थांबलं. बुडबुडा नव्हता, दोनदा पाहिलं, चेतनाने स्वतः पाहिलं, गुडघ्यांवर रांगत, साडीची फिकीर न करता. पोरं काकाजींकडे बघू लागली. चेतनाला वाटलं, आता काहीतरी होणार. तिला तिच्या वर्गातला एक दिवस आठवला, पाच-सहा वर्षांपूर्वीचा. मागच्या बाकावरचा एक मुलगा भीत भीत म्हणाला होता, मॅडम, चिन्ह उणे यायला पाहिजे ना? शंभर मुलांनी श्वास रोखला होता. तिने फळ्याकडे पाहिलं, मुलगा बरोबर होता, आणि तिने डस्टरसुद्धा न शोधता तळहाताने अधिक पुसून उणे केलं होतं आणि पुढचा धडा सुरू केला होता. त्या मुलाने पुन्हा कधी काही विचारलं नाही. तेव्हा तिला ते बरं वाटलं होतं. आज वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. काकाजी काठीपाशी आले, वाकले, पाइपातलं पाणी बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे बाप्पा! म्हंजे मीच चुकलो! लिहा वो, मोठ्या अक्षरात लिहा, ईश्वरदासनं घातलेली माती सहा बोटं बसली. अना आता मले सांगा, काऊन बसली?" एकदम गलका झाला. कुणी म्हणालं माती सुकी घातली, कुणी म्हणालं चोपली नाही, डिंपल म्हणाली गवत वरून लावलं म्हणून आतलं दिसलं नाही. म्हातारा मधोमध उभा राहून प्रत्येकाचं ऐकत होता, दुपट्ट्याने घाम पुसत होता आणि स्वतःच्या चुकीवर असा खूश होता जसं काही त्याला कुणी बक्षीस दिलं आहे. दुपारी मोहाखाली सगळ्यांबरोबर चेतनाने लाखोरीच्या डाळीचं वरण आणि भात खाल्ला, मातीचे हात नुसते झटकून, आणि दोनदा भात मागून घेतला.

तिथेच, हातातला घास तोंडाकडे नेताना, आईचा आवाज आला. इतका स्पष्ट की तिने मागे वळून पाहिलं. ती पाचवी-सहावीत असेल. कंदील लावायच्या आधीची वेळ. आई रोज विचारायची, आज का शिकवलं मास्तरनं? त्या दिवशी समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ होतं. आई म्हणाली, म्हंजे आपली तुडुमाखालची बांधी. आणि तिने चेतनाला वही घेऊन बांधावर उभं केलं आणि स्वतः लुगडं खोचून चिखलातून पावलं मोजत गेली. इकडून इतकी, तिकडून इतकी, मधून इतकी. चेतनाने सूत्र लावून आकडा सांगितला. आईने बोटांवर काहीतरी मोजलं. तिच्याजवळ तिचा आकडा होता, दरवर्षी किती मुठी रोप लागतं त्यावरून काढलेला, आजीकडून आलेला. तिने दोन्ही मनात धरून पाहिले आणि मान डोलावली. "बरोबर हाय तुहं पुस्तक," ती म्हणाली. मास्तरांनी मुलाला द्यावेत तसे तिने पुस्तकाला मार्क दिले होते. मग पुढे कितीतरी दिवस तो खेळ चालला, विहिरीची खोली, भाताच्या तणसाच्या ढिगाचं घनफळ, आणि प्रत्येक वेळी आई आधी तपासायची आणि मगच मान डोलवायची. चेतना तालुक्याला शिकायला गेली आणि ते थांबलं. इतकी वर्षं तिने आईचा धरलेला दंडच लक्षात ठेवला होता, आणि चिखलातून मोजलेली पावलं कुठे हरवली होती कोण जाणे. तिने घास परत ताटात ठेवला आणि मनगटाने डोळे पुसले. "तिखट लागलं का वो?" काकाजींनी विचारलं. "नाही काकाजी," ती म्हणाली, "चांगलं झालंय वरण." सही मात्र तिने तिथे केली नाही. काकाजींनी मागितलीही नाही. निघताना एवढंच म्हणाले, "न्हानी खोदसान त पाइप घरी हाय तुमच्या."

सोमवारी ओमेश मिस्त्री आला तेव्हा दामिनीने भिंतींवर पेन्सिलने लेव्हलच्या खुणा करून ठेवल्या होत्या. जुनी जमीन दाराकडे दीड इंच उतरलेली निघाली. ओमेशने पाइप स्वतः एकदा फिरवून पाहिला आणि चेतनाकडे न बघता म्हणाला, "बेबीनं सही पकडलं, मॅडम." "ओमेशभाऊ, तुम्ही दोनदा म्हणाला होता," चेतना म्हणाली. "मी ऐकलं नाही. माझं चुकलं." ओमेश इतका गोंधळला की त्याच्या हातून छन्नी पडली. ढाळ दामिनीने दिला, दोरी तिने धरली, निम्म्या फरश्याही तिनेच बसवल्या. चार दिवस घर शेजाऱ्यांकडे आंघोळीला जात होतं आणि हेमेंद्र जाताना मुद्दाम टॉवेल खांद्यावर टाकून सगळ्या गल्लीला बातमी देत होता. इंद्रकुमार सरांचा दोनदा फोन आला. चेतनाने शनिवारी सांगते म्हटलं.

शुक्रवारी संध्याकाळी तिघं न्हाणीच्या दारात उभे राहिले. बादली चेतनाने ओतली. पाणी जाळीकडे निघालं, रेंगाळलं नाही, मागे फिरलं नाही, एकमेकांना धरून गेल्यासारखं गेलं आणि गुडगुडत खाली उतरलं. हेमेंद्रने टाळ्या वाजवल्या. "पास!" तो म्हणाला. "माझी चप्पल वाचली." पण दामिनी आत गेली होती. नळाखालच्या कोपऱ्यात वाटीभर पाणी राहिलं होतं. ती उकिडवी बसली, बोटाने पाण्याची कड चाचपली, मग गाल जवळजवळ फरशीला लावून एका डोळ्याने बघू लागली. "इथे माझं चुकलं," ती म्हणाली. तिच्या आवाजात ना भीती होती ना लाज. बावीस वर्षांत इतक्या मुलांनी चेतनासमोर चुका केल्या होत्या, खोडल्या होत्या, व्हाइटनरने झाकल्या होत्या, हाताच्या आडोशाने लपवल्या होत्या. चुकीच्या इतक्या जवळ गाल नेऊन तिच्याकडे असं टक लावून बघताना तिने कुणाला पाहिलं नव्हतं. "शेवटची फरशी बसवताना दोरी सैल झाली होती," दामिनी स्वतःशीच पुटपुटली. "पप्पा, ही एकच काढू?" "नाही बाप्पा!" हेमेंद्र म्हणाला. "मला उद्या घरी आंघोळ करू दे." चेतना स्वयंपाकघरात गेली.

चुंबक काढून तिने कागद ओट्यावर ठेवला. हात ओले होते, ते तसेच राहू दिले. पहिल्या रकान्यात तिने लिहिलं, 'न्हाणीचा ढाळ. एका कोपऱ्यात वाटीभर पाणी राहतं, आणि का राहतं ते तिला माहीत आहे.' ते तिने एकदा वाचलं, तपासलं. बरोबर हाय, ती मोठ्याने म्हणाली, आणि दारात येऊन उभी राहिलेली दामिनी चमकून बघायला लागली, कारण मम्मीला असं बोलताना तिने कधी ऐकलं नव्हतं. खाली सही केली. मग दुसरा रकाना राहिला म्हणून ती पुन्हा वर गेली. 'माय-बापाले का येते? (नोकरी लिहू नये.)' फिजिक्स लिहावं असं तिच्या मनात आलं आणि तिने ते लिहिलं नाही. "मम्मी, काय लिहितेस?" दामिनी खांद्यावरून वाकून बघत होती, तिच्या हाताला अजून सिमेंटचा वास होता. चेतनाने तिला बघू दिलं आणि शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिलं, 'पाइपातला बुडबुडा काढता येतो.'